सव्वा मूठ

झुलाल सुकदेव बोरसे यांच्यासमोर कुणी बसत नसे. मामलेदार असताना बसत नसे, हे ठीक. पण पुढे नोकरी सोडून झाली, निवडणूक जिंकून झाली, तुरुंगात जाऊन झालं, खानदेशाचा इतिहास लिहायला घेऊन झालं, तरी ते आले की माणसं उठत आणि हात पोटाशी धरून उभी राहत. ते म्हणत, बसा. माणसं बसत. हुकूम झाला म्हणून बसत आणि हुकूम झाला म्हणून बोलत.

त्यांना हवं होतं ते एवढंच. कुणीतरी शेजारी बसावं आणि खरं काय ते बोलावं. पूर्वी हे त्यांच्या लक्षात नव्हतं. शेवटी शेवटी त्यांना दुसरं काही नको झालं.

खानदेशाचे दोन जिल्हे झाले ते साल एकोणीसशे सहा. झुलाल तेव्हा मॅट्रिक होऊन धुळ्याच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागला होता. घर दोंडाईचाजवळच्या एका लहान गावात. थोरला भाऊ अभिमन शेती बघायचा. भावानं शिकायचं, आपण राबायचं, हे त्यानं लहानपणीच ठरवून टाकलं होतं आणि त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

जिल्ह्याची वाटणी झाली तशी कागदांचीही झाली. पूर्वेकडच्या तालुक्यांचे कागद जळगावला जायचे होते. जुने कागद लाल कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत. गाड्या भरभरून रुमाल स्टेशनवर गेले, तिथून चाळीसगावमार्गे जळगावला. त्यांच्याबरोबर झुलालची बदली झाली.

जळगावच्या कचेरीच्या पडवीत रुमालांचे ढीग पडले. ते लावायचं काम त्याच्याकडे आलं. लावता लावता तो वाचायला लागला. कुठे बांधाचं भांडण, कुठे चोरीला गेलेला बैल, कुठे विहिरीत सापडलेली बाई. माणसांनी सांगितलेलं कारकुनांनी लिहून घेतलेलं. जबान्या. प्रत्येक जबानीची सुरुवात सारखी. नाव, बापाचं नाव, वय, धंदा. शेवटही सारखा. अंगठ्याची काळी निशाणी. मधे माणूस बोललेला असे, पण कारकुनाच्या भाषेत. बाई रडली का, म्हातारा मधेच गप्प झाला का, हे कुठेच नव्हतं. झुलाल कागद उजेडाकडे धरून बघायचा. जणू दुसऱ्या बाजूला उरलेलं काही दिसेल.

इतिहासाचं वेड त्याला लागलं ते असं.

तो चढत गेला. अव्वल कारकून झाला, मामलेदार झाला. झुलालचा रावसाहेब झाला. कामाला चोख, हात स्वच्छ. फिरतीवर निघायचं तर कार्यक्रम आधी गावोगाव पोचलेला असे. न कळवता जाणं म्हणजे माणसांना पकडायला जाणं, असं त्याचं मत होतं. म्हणून तो न कळवता कुठे गेला नाही. पहूरला गेला, पिंपळनेरला गेला, सगळीकडे रस्ता झाडलेला, सडा टाकलेला, पाटलाच्या घरची खुर्ची पुसून मांडलेली. माणसं आधीच उभी. काय बोलायचं तेही ठरलेलं. गाव कसं आहे, हे त्याला कधी दिसलंच नाही. साहेब येणार असला की गाव कसं होतं, तेवढं दिसलं.

बायको वच्छलाबाई हुशार होती. ती म्हणायची, तुम्ही माझ्याशीही जबानी घेतल्यासारखे बोलता, वय आणि धंदा विचारायचं तेवढं राहिलंय. झुलाल हसायचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तापाची साथ आली. तो फिरतीवर असताना ती जामनेरच्या घरी वारली. मूल नव्हतं. तो परतला तेव्हा घराबाहेर कचेरीची माणसं रांगेत उभी होती. त्याला पाहून सगळ्यांनी मुजरे केले. त्या दिवशी तरी करायला नको होते. पण त्यांना तरी दुसरं काय येत होतं?

वर्षाकाठी एकदा तो गावी जायचा. श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर नारळाची कानबाई मांडतात आणि घरात रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात. रोटाच्या गव्हाची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. मूठभर, वर पाव मूठ. ते दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला रोटाचा तुकडा देत नाहीत.

झुलाल आधी पत्र टाकून, ऐन रविवारी पोचायचा. अभिमनची बायको भागाबाई त्याच्यासाठी वेगळा शिरा करायची. शाळेतली खुर्ची आणून ओसरीत मांडलेली असायची. अभिमन स्वतः ताट आणायचा आणि भावाला रावसाहेब म्हणायचा. रोट जाडेभरडे असतात, तुम्हाला सोसायचे नाहीत, असं पुटपुटायचा. आतल्या पंगतीत हसण्याखिदळण्याचा आवाज चालू असायचा. झुलाल शिरा खायचा. रोट मागावा असं त्याच्या मनात प्रत्येक साली यायचं. पण मागून घ्यायची ती वस्तू नव्हती. मागावा लागला, तर तो आपला नव्हेच.

तीस साली जंगल सत्याग्रह झाला. झुलाल तेव्हा साक्रीला होता. गवत कापलं म्हणून माणसं धरून आणली होती आणि त्यांच्या जबान्या घ्यायच्या होत्या. दिवसभर तो घेत बसला. नाव, बापाचं नाव, वय, धंदा. दुपार कलली तेव्हा धनसिंग नावाचा एक म्हातारा समोर आला. त्याला काही विचारायच्या आधीच त्यानं अंगठा पुढे केला. कारकून हसले. एकजण म्हणाला, याचा अंगठा पाठ झालाय. झुलालनं म्हाताऱ्याला विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे? म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. आपल्याला म्हणणं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात झुलालनं राजीनामा दिला. कचेरीत वाटलं, रावसाहेबांना गांधीवारं लागलं. तेही होतं. पण म्हातारा बोलला असता तर कदाचित त्यानं राजीनामा दिला नसता.

राजकारणात त्याचं बरं चाललं. माणूस स्वच्छ, कायदा तोंडपाठ. सदतीस साली प्रांताच्या निवडणुकीत तो उभा राहिला आणि मोठ्या मताधिक्यानं निवडून आला. धुळ्यात मिरवणूक निघाली. त्याला वाटलं, लोकांनी आपल्याला जवळ केलं. लोकांचे आभार मानायला तो पिंपळनेरला गेला. अर्थात आधी कळवून. तिथे जीवराम नावाचा एक शेतकरी भेटला. झुलालनं विचारलं, तुम्ही मला मत का दिलंत? जीवराम गोंधळला. काही चुकलं की काय असं त्याला वाटलं.

"साहेबनी सांगं, मंग आम्ही टाकं," तो म्हणाला.

मुंबईच्या विधानसभेत झुलालनं चांगले प्रश्न विचारले, असं म्हणतात. दोन वर्षांनी मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पुढे त्यानं वैयक्तिक सत्याग्रह केला आणि धुळ्याच्या तुरुंगात गेला. पहिल्या दिवशी त्याची नोंद करायला बसलेला जमादार त्याला पाहताच खुर्चीवरून उठला. नाव, बापाचं नाव, वय, धंदा हे त्यानं उभ्यानंच लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा झुलाल जबानी देत होता, आणि घेणाराच उभा होता.

सुटून आल्यावर त्यानं राजकारण सोडलं. जळगावला दोन खोल्या घेतल्या आणि खानदेशाचा इतिहास लिहू लागला.

लोक आता त्याला आबासाहेब म्हणत. छापखान्याचा मालक नासीर मात्र रावसाहेबच म्हणायचा. नासीर छपाईचे खिळे जुळवता जुळवता बोलायचा, म्हणजे समोरच्याकडे त्याची पाठ असायची. झुलालला ते आवडायचं. माणूस उभा असला तरी तो आपल्यासाठी उभा नाही.

फारुकी राजे झाले, मोगल झाले, पेंढारी झाले, इंग्रज आले. प्रकरणं छापून तयार झाली. एक अडलं. छप्पनच्या दुष्काळाचं. विक्रम संवत एकोणीसशे छप्पनचा, म्हणजे इसवी सन एकोणीसशेच्या आसपासचा तो काळ झुलालच्या लहानपणीच पडला होता. तो तेव्हा धुळ्याला फुकटच्या वसतिगृहात शिकत होता. तिथे दोन वेळा जेवण मिळायचं. गावात काय झालं ते त्यानं पाहिलं नव्हतं. आई पुढे लवकर गेली. ती त्या वर्षाबद्दल कधी बोलली नाही. सरकारी कागदांत आकडे होते. रस्त्याच्या कामावर किती माणसं, किती गुरं मेली. ते त्यानं लिहिले आणि फाडले. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला अशी माणसं अजून जिवंत होती. त्यांच्या तोंडून त्याला ऐकायचं होतं.

तो गावोगाव फिरला. आधी कार्ड टाकून. पहूरला तोताराम नावाचे एक आजोबा ठेवणीतली टोपी घालून वाट बघत उभे होते. झुलालनं त्यांना बसवलं. सुरुवात कशी करावी ते सुचेना. तोंडातून निघून गेलं, "तुमचं नाव?" मग बापाचं नाव. मग वय. तोतारामांनी उत्तरं दिली. मग त्यांनी सांगितलं की छप्पनला सरकारनं धान्य दिलं, काम दिलं, सरकार मायबाप, गाव निभावलं. हेच त्याला सगळीकडे ऐकायला मिळत होतं. सांगून झाल्यावर तोतारामांनी अंगठा पुढे केला आणि शाई कुठे आहे ते बघू लागले.

शाई नाही, असं झुलालनं सांगितलं. म्हातारा घाबरला. मग आपलं सांगणं मंजूर झालं नाही का, असं तो विचारू लागला.

नासीरला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "रावसाहेब, मोगल येऊन गेले, इंग्रजही चालले. तुमचा हा दुष्काळ कधी संपणार?"

झुलाल म्हणाला, कुणी बोलत नाही.

"बोलतील कसे? तुम्ही आधी डांगोरा पिटता. एकदा न कळवता जाऊन बघा."

"कुणाकडे?"

नासीरनं मागे वळून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "न कळवता जाता येईल असं तुमचं एकही घर नाही?"



सत्तेचाळीसच्या ऑगस्टात जळगावला झेंडे लागले. मिठाई वाटली गेली. झुलालला व्यासपीठावर बसवलं. एका वक्त्यानं सांगितलं की आता राज्य आपलं, आता कुणी साहेब नाही. टाळ्या पडल्या. समारंभ संपला आणि झुलाल खाली उतरला तसा पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या.

त्या साली अधिक महिना असल्यामुळे कानबाई पंधरा ऑगस्टनंतर आली. अभिमन वारला होता. घर आता त्याचा मुलगा पुना बघत होता. झुलालनं कार्ड लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या आणि ठेवून दिलं. शनिवारी सकाळी ताप्ती लाइनच्या गाडीत बसून तो दोंडाईचाला उतरला आणि चालत गावाकडे निघाला. बाजरी गुडघ्याच्या वर आली होती. वाटेत भेटलेल्यांना हा कोण ते कळलं नाही. एका गुराख्यानं त्याच्याकडे तंबाखू मागितली. झुलालकडे तंबाखू नव्हती. त्याला त्याचं फार वाईट वाटलं.

घराचं दार उघडं होतं. ओसरीत खुर्ची नव्हती. एक कुत्रं झोपलं होतं. आत बायकांचा आवाज येत होता. भागाबाई नावं घेत होती. रोटाचे गहू मोजणं चाललं होतं. झुलाल दरवर्षी रविवारी यायचा, त्यामुळे हे त्यानं लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. तो ओसरीत थांबला.

गेलेल्याचं नाव घेत नाहीत. त्यामुळे अभिमनचं नाव नव्हतं. पुनाचं आलं. गहू सुपात पडल्याचा आवाज आला. पुनाच्या मुलांची नावं आली, एकेक. पाळण्यातल्या पोराचंही आलं. मग भागाबाई म्हणाली, "झुलाल."

नुसतं झुलाल. मूठ पडली. मग पाव मूठ पडली.

कुणी विचारलं नाही की हे कुणाचं. कुणाला नवल वाटलं नाही. म्हणजे हे दरसाल होत होतं. ओसरीत खुर्चीवर बसून तो शिरा खात होता, तेव्हा आत त्याच्या वाट्याचा रोट होता. आणि रोट उरवायचा नसतो. म्हणजे तो कुणीतरी खाल्ला होता. अभिमननं खाल्ला असणार. इतकी वर्षं भावाच्या वाट्याचंही खाऊन अभिमन बाहेर यायचा आणि त्याला रावसाहेब म्हणायचा.

झुलाल दारात जाऊन उभा राहिला.

पुनाची बायको आधी उठली. मग बाकीच्या. कुणी पदर सावरला, कुणी पाणी आणायला धावली, कुणी पुनाला बोलवायला मागच्या दारानं पळाली. बघता बघता खोली रिकामी झाली. भागाबाई सुपापाशी एकटी उरली. ती उठली नाही.

"माले उठता येत नही रावसाहेब," ती म्हणाली. "गुडघा गयात."

"नका उठू, वहिनी. मीच बसस," तो म्हणाला. गावची बोली किती दिवसांनी त्याच्या तोंडात आली, ती त्यालाच परकी वाटली.

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्यालाही बसायला वेळ लागला. दोघं म्हातारी सुपातल्या गव्हाकडे बघत बसली. मग त्यानं विचारलं, दरसाल माझं नाव घेता? ती म्हणाली, घ्यावंच लागतं, घरचा माणूस ना. एवढं साधं ते होतं.

त्यानं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. तो म्हणाला, वहिनी, छप्पनला गहू कुठून आणले होते?

भागाबाईनं सूप जवळ ओढलं. तिची बोटं सुपातले खडे वेचत होती. मग वेचता वेचताच ती बोलायला लागली. ती त्या साली नवी नवरी होऊन या घरात आली होती. श्रावण आला तेव्हा घरात दाणा नव्हता. झाडाचा पालाही राहिला नव्हता. पण सासूनं, म्हणजे झुलालच्या आईनं, शनिवारी अंघोळ केली आणि रिकामं सूप पुढे घेतलं. तिनं मूठ मिटली, सासऱ्यांचं नाव घेतलं आणि सुपावर मूठ उघडली. मग पाव मूठ. मग अभिमन. मग धुळ्याला असलेला झुलाल.

"मूठ रिकामी व्हती," भागाबाई म्हणाली. "पन नावं बठ्ठासना लिधात."

सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर सासूनं तिला जात्यावर बसवलं. रिकामं जातं ओढायला लावलं. गल्लीत ऐकू जावं, या घरी रोट आहेत असं लोकांना वाटावं म्हणून. भागाबाई ओढत राहिली. दगडावर दगड. आणि मग तिला ऐकू आलं, शेजारच्या घरातही जातं चाललं होतं. त्याच्या पलीकडेही. सगळ्या गल्लीत जाती चालली होती, आणि गल्लीत कुणाकडेच दाणा नव्हता. ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कुणाला बोललं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

झुलाल ऐकत होता. त्या शनिवारी तो धुळ्याला जेवला असणार. भाकरी आणि वरण.

कितीतरी वर्षं तो ज्याच्यामागे फिरला ते त्याच्या शेजारी बसून कुणीतरी त्याला सांगितलं होतं. भागाबाईनं डोळे पुसले नाहीत. ती खडे वेचत राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याला वाटलं, हे असंच चालू राहावं.

मग तो म्हणाला, "वहिनी, हाई मी लिखू का?"

भागाबाईचा हात थांबला. तिनं मान हलवली. लिहा. तिनं उजवा अंगठा लुगड्याला नीट पुसला आणि त्याच्यापुढे केला. डोळे खाली होते.

त्यानं तो अंगठा हातात धरला. बराच वेळ धरून ठेवला. ती वाट बघत होती. तिला वाटत होतं, आता तो शाई लावील.

तेवढ्यात पुना आला. त्याच्या डोक्यावर शाळेतली खुर्ची होती.

दुसऱ्या दिवशी झुलाल पंगतीत जमिनीवर बसला. रोट द्या, असं त्यानं म्हटलं. पुनानं वाढला. रोट जाड होता, कोरडा होता, आणि झुलालनं तो सगळा खाल्ला. पंगत शांत होती. त्याचं होईपर्यंत कुणी हसलं नाही, कुणी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. तो हात धुवायला बाहेर गेला, तेव्हा आत आवाज सुरू झाला.

जळगावला परतल्यावर तो छापखान्यात गेला. नासीरनं विचारलं, संपला का दुष्काळ? झुलाल म्हणाला, ते प्रकरण गाळा. नासीरनं बरं म्हटलं आणि खिळ्यांकडे वळला. झुलाल दारापर्यंत गेला आणि परत आला.

"गाळू नका. प्रकरणाचं नाव ठेवा. खाली काही नको."

"कोरं?"

"कोरं."

नासीर म्हणाला, लोक मला दोष देतील, छापखान्याची चूक म्हणतील. झुलाल म्हणाला, म्हणू देत. लिहिलं असतं तर ती जबानी झाली असती, असंही तो म्हणाला. नासीरला ते कळलं नाही. पण त्यानं तसं छापलं.

पुस्तक बांधून आलं तेव्हा झुलाल नव्हता. मार्गशीर्षात एका सकाळी तो आपल्या खोलीतच वारला. दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. न कळवता त्याच्याकडे येणारं कुणी नव्हतं.

पुस्तकं थोडी खपली. दोंडाईचाकडचा एक मास्तर आपली प्रत बदलून मागायला छापखान्यात आला. छप्पनचा दुष्काळ असं नाव आहे, खाली पान कोरं आहे, असं म्हणाला. नासीरनं दुसरी प्रत काढून त्याच्यापुढे उघडली. मग तिसरी. मास्तर बघत राहिला. नासीर त्याला म्हणाला, बसा. आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला.